ना रस्ता, ना ओढा, ना कुंपण. तरी सायकल ठरलेल्या वाटेनेच! फ्रान्सच्या चुनखडी पठारावर असं का?

इन्स्टाग्रामवर असा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लांबच लांब हिरवं पठार, एका बाजूला पांढऱ्या कड्यांची भिंत, माणसाचा मागमूस नाही आणि मधून एकटा सायकलस्वार सुसाट चाललाय. पाहणाऱ्याला वाटतं, इथे कोण अडवणार?

फ्रान्समध्ये व्हेरकोर नावाच्या डोंगररांगेत अशी जागा खरोखर आहे. आत डांबरी रस्ता नाही, गाव नाही, बारमाही राहणारं एकही माणूस नाही. कुंपणही नाही. पण व्हिडिओतला तो सायकलस्वार इथल्या गवतातून स्वतःची वाट काढत चालला असेल, तर तो नियम मोडतोय. या राखीव क्षेत्रात सायकल फक्त ठरवून दिलेल्या, खुणा केलेल्या वाटांवरच चालवता येते.

एवढ्या मोकळ्या जागेत एवढा कडक नियम का? याचं उत्तर सरकारी कागदांपेक्षा पायाखालच्या दगडात जास्त सापडतं.

हे व्हेरकोर आहे तरी कुठे?

आल्प्स म्हटलं की बर्फाची टोकदार शिखरं डोळ्यांसमोर येतात. व्हेरकोर त्याच्या अलीकडे आहे, आल्प्सच्या पश्चिमेच्या पायरीवर. ग्रेनोबल शहराच्या नैर्ऋत्येला, इझेर आणि द्रोम या दोन जिल्ह्यांत ही रांग पसरली आहे. 1970 मध्ये हा सगळा भाग ‘प्रादेशिक निसर्ग उद्यान’ झाला. या उद्यानात गावं आहेत, शेती आहे, हॉटेलं आहेत, रस्तेही आहेत. पण त्याच्याच पोटात, उंचावर एक तुकडा आहे, ज्याला 1985 मध्ये जास्त कडक संरक्षण मिळालं. हेच ते ‘उंच पठारांचं राखीव निसर्गक्षेत्र’.

त्याचं क्षेत्रफळ सुमारे 17 हजार हेक्टर, म्हणजे 170 चौरस किलोमीटर. मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं आहे, यावरून अंदाज येईल. समुद्रातली राखीव क्षेत्रं आणि फ्रान्सचे परदेशातले प्रदेश सोडले, तर त्या देशातलं हे सगळ्यात मोठं राखीव निसर्गक्षेत्र आहे.

पूर्वेच्या कडेला ग्रां व्हेमों हे 2,341 मीटरचं शिखर आहे. त्याच्याजवळ मुख्य रांगेपासून तुटून उभा असलेला मों एग्वी नावाचा सुळका आहे, चारही बाजूंनी उभे कडे असलेला. 1492 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या हुकमावरून आंत्वान द व्हील नावाचा सरदार माणसं आणि शिड्या घेऊन त्यावर चढला. गिर्यारोहणाचा इतिहास सांगणारे अनेक जण सुरुवात इथूनच करतात.

सायकलवाल्यांना मात्र सुळक्यापेक्षा पठारात रस असतो. उत्तरेला कोरांसों हे गाव आणि दक्षिणेला कोल द रूसे ही खिंड. या दोन टोकांमध्ये सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर अंतर भरतं. वाट अर्थातच सरळ नाही. जंगलातून, कुरणांतून, खळग्यांना वळसे घालत ती बरीच लांब होते. आकडे पाहून ‘सकाळी निघू, जेवायला पोहोचू’ असं वाटतं, आणि फसगत होते ती इथेच.

पाऊस भरपूर, मग पाणी जातं कुठे?

व्हेरकोरमध्ये वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बर्फ पडतो. तरीही उंच पठारावर तुम्हाला वाहता ओढा दिसणार नाही. तळं दिसणार नाही. कारण हे डोंगर चुनखडीचे आहेत.

सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्यातल्या जीवांच्या शिंपल्या-कवचांचा थर तळाशी साचत गेला, दबत गेला आणि त्याचा चुनखडक झाला. पुढे आल्प्स उभे राहताना हा समुद्रतळ वर उचलला गेला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवतं. आधी भेग, मग फट, मग भोक, मग विवर. हजारो वर्षांत अख्खा डोंगर आतून पोखरला जातो. अशा भूभागाला भूशास्त्रात ‘कार्स्ट’ म्हणतात.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. आपल्याकडे किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी असतात आणि काहींमध्ये ऐन मे महिन्यातही पाणी मिळतं, कारण आपला बेसाल्ट पाणी धरून ठेवू शकतो. व्हेरकोरचा दगड पाणी धरतच नाही, पडलं की गिळतो. तिथले लोक या उभ्या विवरांना ‘सियाले’ म्हणतात. काही घरात मावतील एवढी, तर काही गवतात लपलेली आणि चाक अडकेल एवढीच.

आत किती खोल जाता येतं? याच रांगेच्या उत्तर भागात, राखीव क्षेत्राच्या बाहेर, 1953 मध्ये बर्जे नावाचं विवर सापडलं. 1956 मध्ये त्यात उतरलेल्या गुहा-शोधकांनी जगात पहिल्यांदा एक हजार मीटरपेक्षा जास्त खोली गाठली. पठारावर पडलेलं पाणी अशाच अंधाऱ्या वाटांनी खाली जातं आणि पायथ्याला झऱ्यांमधून बाहेर येतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वाळू-मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं. चुनखडीच्या फटींतून ते गाळलं जात नाही, नळातून गेल्यासारखं सरळ जातं. त्यामुळे वर पठारावर सांडलेलं तेल, टाकलेला कचरा किंवा विवराच्या तोंडाशी उरकलेला प्रातर्विधी खालच्या झऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. ‘इथे कोण बघतंय’ हा विचार कार्स्टमध्ये चालत नाही, खाली कोणीतरी ते पाणी पीत असतं.

पाणी नसणं म्हणजे काय, हे या डोंगराने 1944 मध्ये फार क्रूरपणे दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात व्हेरकोर हा नाझींविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच प्रतिकारकांचा मोठा तळ होता. जुलै 1944 मध्ये त्यांनी इथे स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणाही केली. मग जर्मन सैन्य आलं. 21 जुलैला व्हासिये गावाजवळ ग्लायडरमधून सैनिक उतरले. दोन दिवसांत प्रतिकारकांना पांगण्याचा आदेश मिळाला आणि शेकडो तरुण जंगलात आणि या उंच पठारांवर लपले. ऐन उन्हाळा होता. झरे मोजकेच होते आणि त्यांच्यावर शत्रूचे पहारे बसले होते. लपलेल्यांचे तहानेने हाल झाले.

त्यांचं इस्पितळ राखीव क्षेत्राजवळच्या ल्वीर गुहेत हलवलं होतं. 27 जुलैला ते जर्मनांना सापडलं. जखमींना ठार मारण्यात आलं, दोन डॉक्टर आणि एका धर्मगुरूला नंतर ग्रेनोबलमध्ये गोळ्या घातल्या गेल्या, आणि परिचारिकांना रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं. आज तिथून सायकलवर बाटल्या लावून जाणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

वाट सोडली तर बिघडतं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक सायकल गवतातून गेली, तर असं काय होणार आहे?

चुनखडी विरघळते तेव्हा तिचा बहुतेक भाग पाण्याबरोबर वाहून जातो. मागे माती होण्यासारखं फारच थोडं उरतं. त्यामुळे इथे मातीचा थर बोटभर, फार तर वीतभर, आणि तो तयार व्हायला हजारो वर्षं लागलेली. त्यावर गवताची वीण असते, तीच मातीला धरून ठेवते. वळणावर ब्रेक दाबून मागचं चाक घसरवलं की ही वीण उसवते. पुढच्या पावसात उघडी माती शेजारच्या फटीत जाते. ती परत येत नाही. खाली उरतो तो धारदार पांढरा दगड.

त्यात भर म्हणजे इथे बर्फ मे महिन्यापर्यंत रेंगाळतो आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा कधीही पडतो. म्हणजे झाडा-गवताला जखम भरून काढायला वर्षातून जेमतेम चार-पाच महिने मिळतात.

पण मग सायकलवाल्यांनाच का अडवायचं? चालणाऱ्यांना इथे जास्त वाटा मोकळ्या आहेत. पायी फिरणाऱ्यांसाठीच्या जीआर 91 आणि जीआर 93 या लांब पल्ल्याच्या वाटा याच पठारांवरून जातात. माउंटन बाइक चालवणाऱ्यांची तक्रार असते की चालणाऱ्यांच्या बुटांनी काही होत नाही आणि आमच्या चाकांनीच होतं, हा पूर्वग्रह आहे.

ही तक्रार पोकळ नाही. 1994 मध्ये अमेरिकेतल्या मोंटानामध्ये झालेल्या एका अभ्यासात पायवाटांवरची माती सगळ्यात जास्त सैल केली ती घोड्यांनी. चालणारेही त्यात सायकलींच्या पुढेच होते. 2001 मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओच्या एका जंगलात संशोधकांनी न वापरलेल्या जमिनीवर मुद्दाम 500 फेऱ्यांपर्यंत चालून आणि सायकल चालवून पाहिलं. वनस्पती आणि मातीच्या नुकसानीत दोघांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

तिसरा अभ्यास प्राण्यांचा आहे आणि व्हेरकोरच्या नियमाशी तोच जास्त जुळतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी अमेरिकेच्या युटा राज्यातल्या अँटेलोप बेटावर हरणं आणि गवे माणसांना पाहून कसे वागतात, हे तपासलं गेलं. माणूस पायी आहे की सायकलवर, याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो माणूस वाटेवर आहे की वाटेबाहेर, याने. वाटेवरचा माणूस 100 मीटरच्या आत असेल तर प्राणी पळण्याची शक्यता 70 टक्के होती. वाटेबाहेरच्या माणसाला पाहून तिथली म्यूल डियर जातीची हरणं पळण्याची शक्यता 96 टक्के होती.

कारण सोपं आहे. रोज त्याच रेषेवरून जाणारी माणसं प्राण्यांच्या हिशोबात बसतात. ती कुठून येणार आणि कुठे जाणार, हे त्यांना कळलेलं असतं. अचानक झुडपातून उगवणारा माणूस त्या हिशोबात नसतो.

जमिनीचंही तसंच आहे. वापरात नसलेल्या जमिनीवर पहिल्या काही डझन फेऱ्यांतच बरंचसं नुकसान होऊन जातं. नंतरच्या शेकडो फेऱ्या त्यात थोडीच भर घालतात. म्हणून शंभर सायकली एका मळलेल्या वाटेवरून गेल्या तर डोंगराला फारसं कळतही नाही. त्याच शंभर सायकली शंभर वाटांनी गेल्या तर मात्र शंभर नव्या जखमा होतात.

तरी एक मुद्दा उरतो. चालणाऱ्यापेक्षा सायकलवाला एका दिवसात दुप्पट-तिप्पट अंतर कापतो, आणि फार आवाज न करता वेगाने येतो. गवतात जमिनीवर अंडी घालणारा काळा ग्राउझ पक्षी, शाम्वा नावाची रानशेळी, 1989 पासून इथे परत आणून सोडलेले आयबेक्स, यांना तो जवळ येईपर्यंत कळत नाही. शिवाय इलेक्ट्रिक सायकली आल्यापासून पूर्वी ज्यांची दमछाक झाली असती तेही वर पोहोचू लागलेत. युरोपच्या नियमांनुसार 250 वॅटपर्यंतची मोटर असलेली आणि ताशी 25 किलोमीटरनंतर मदत थांबवणारी बाइक ही सायकलच धरली जाते. हे सगळं पाहता सायकलींना मोजक्या वाटा देणं समजण्यासारखं आहे. मात्र ‘सायकल म्हणजे निसर्गाचा शत्रू’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने हे अभ्यास साक्ष देत नाहीत, हेही तितकंच खरं.

मग सायकल चालवायची कुठून?

जीटीव्ही, म्हणजे ‘व्हेरकोरची मोठी भटकंती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गांपैकी सायकलसाठी खुणा केलेल्या वाटांवरून. यातल्या बऱ्याच वाटा मुळात सायकलसाठी बनलेल्या नाहीत. लाकूड खाली आणणारे, मेंढपाळ, एकोणिसाव्या शतकात इटलीहून येऊन जंगलात कोळसा पाडणारे कामगार, अशा अनेकांच्या पायांनी आणि गाड्यांनी इथल्या वाटा मळल्या. त्याहून जुनी वर्दळही आहे. पूर्वेकडच्या क्वेरी मैदानात रोमन काळातली दगडाची खाण आहे. तिथून काढलेला दगड खालच्या दी या गावापर्यंत नेला जायचा. अर्धवट घडवलेले दगड अजून गवतात पडलेत. म्हणजे ‘माणसाचा स्पर्श न झालेलं रान’ हे वर्णन रीलच्या कॅप्शनला बरं दिसतं, पण खरं नाही.

खुणांच्या बाबतीत नव्या माणसाची एक चूक हमखास होते. झाडावर, दगडावर पांढरा-लाल पट्टा दिसला की तो त्याच्या मागे जातो. तो पट्टा जीआरचा, म्हणजे पायी वाटेचा असतो. फ्रान्समध्ये माउंटन बाइकच्या वाटेची सर्वसाधारण खूण वेगळी आहे, एक त्रिकोण आणि त्याला लागून दोन गोल. दोन्ही वाटा काही ठिकाणी एकत्र जातात आणि मग फुटतात. त्या फाट्यावर थांबून बघायला हवं. मोबाइलमधल्या ॲपवर कोणीतरी टाकलेला ट्रॅक हा परवाना नाही, कारण तो टाकणाराही नियम मोडून गेलेला असू शकतो. राखीव क्षेत्राचे रक्षक गस्त घालतात आणि त्यांना दंड करण्याचा अधिकार आहे.

आणि मध्येच पांढरा कुत्रा आडवा आला तर?

व्हेरकोरमध्ये सायकलस्वाराची सगळ्यात अवघड भेट कड्याशी किंवा विवराशी होत नाही, पातूशी होते.

उन्हाळ्यात या कुरणांवर हजारो मेंढ्या चरायला येतात. त्यातल्या बऱ्याच दक्षिणेच्या प्रोव्हान्समधून येतात. पूर्वी त्यांना चालवत आणायचे, आता ट्रकमधून आणतात. पठारावरच्या अनेक जागांच्या नावात ‘जास’ हा शब्द दिसतो, त्याचा अर्थच मेंढ्या बसवण्याची जागा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या बाजूने पसरत आलेले लांडगे व्हेरकोरमध्ये पोहोचले. त्यानंतर मेंढपाळांनी पुन्हा राखणीचे कुत्रे ठेवायला सुरुवात केली. पातू म्हणजे पिरेनीज पर्वतातला भला थोरला पांढरा कुत्रा. तो लहानपणापासून मेंढ्यांमध्येच वाढतो आणि कळपालाच आपलं कुटुंब समजतो.

आपल्याकडे धनगरांच्या वाड्याजवळून गेलेल्यांना याची कल्पना असेल. कळपाकडे वेगाने येणारी कोणतीही गोष्ट ही त्या कुत्र्याच्या दृष्टीने शंका घेण्यासारखी. सायकल तर वेगानेच येते.

अशा वेळी काय करायचं, याच्या सूचना तिथे वाटांच्या सुरुवातीला लावलेल्या असतात. कळप दिसला की लांबूनच वेग कमी करायचा आणि उतरायचं. सायकल हातात धरून, कळपाला मोठा वळसा घालून चालत जायचं. मेंढ्यांच्या मधून घुसायचं नाही. कुत्रा भुंकत आला तर थांबायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवायची, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, शांत आवाजात बोलायचं. तो हुंगून, खात्री करून परत जाईपर्यंत हलायची घाई करायची नाही. ओरडणं, दगड उचलणं, काठी दाखवणं हे उलटं पडतं. बिस्किट टाकून दोस्ती करू नये, कारण तो कामावर असतो. आणि पेडल मारत पळून जाण्याचा विचार तर अजिबात नको.

वळसा घालायला वाट सोडावी लागली तर? अशा वेळी पायी, सायकल ढकलत जाणं हाच मार्ग उरतो. स्वतःचा कुत्रा सोबत न्यायला मात्र राखीव क्षेत्रात पूर्ण मनाई आहे, पट्ट्याने बांधलेला असला तरी. वन्यप्राण्यांना त्रास होतो हे त्याचं एक कारण, आणि पातूला दुसरा कुत्रा खपत नाही हे दुसरं.

जायचंच असेल तर…

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतचा काळ बरा. त्याआधी सावलीतल्या खळग्यांत बर्फ असतो आणि वाटा चिखलाच्या.

पाणी हा सगळ्यात मोठा प्रश्न. चुनखडीच्या मध्ये जिथे चिकणमातीचा थर येतो तिथे मोजके झरे फुटतात, त्यातले काही मेंढ्यांसाठी हौदात घेतलेत. नकाशावर निळा ठिपका आहे म्हणजे ऑगस्टमध्ये तिथे धार असेलच असं नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी घेऊनच निघावं आणि झऱ्याचं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावं. हौदात सायकल धुणाऱ्याला मेंढपाळ जे बोलतो ते फ्रेंच न येणाऱ्यालाही समजतं.

दगडाचं म्हणाल तर चुनखडीचे दोन स्वभाव आहेत. कोरडी असताना तिच्यावर टायर छान पकड घेतो, मात्र विरघळून झालेल्या पात्यासारख्या कडा टायरची बाजू चिरतात. म्हणून जाड बाजूचे, ट्यूबलेस टायर लावलेले बरे, आणि तरीही एक जादा ट्यूब व पंक्चरचं सामान जवळ हवंच, कारण दुकान एका दिवसाच्या अंतरावर आहे. ओली झाली की हीच चुनखडी साबण लावल्यासारखी होते, विशेषतः जिथे बुटांनी आणि खुरांनी दगड गुळगुळीत झालाय तिथे. तेव्हा उतरून चालण्यात कमीपणा नाही.

धुकं आलं तर खरी परीक्षा. इथे आपल्या घाटमाथ्यासारखी एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला डोंगरधार असा सोपा हिशोब नाही. मैलोन् मैल तेच खळगे, तीच पाइनची झाडं, तोच पांढरा दगड. चढ-उतारावरून दिशा कळत नाही, आणि ओढा नसल्यामुळे ‘पाण्याच्या कडेने खाली उतरू’ ही युक्तीही लागू पडत नाही. फोनला रेंज सगळीकडे नाही. नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कागदी प्रत आणि होकायंत्र सोबत ठेवावं. संकटात युरोपभर चालणारा क्रमांक 112.

मुक्काम करायचा झाला तर पठारावर काही साध्या, रखवालदार नसलेल्या झोपड्या आहेत. प्रे पेरे ही त्यातलीच एक. चार फळ्या, एक शेगडी, आणि आधी येईल त्याला जागा. वीज नाही, जेवण नाही. मेंढपाळांच्या झोपड्या वेगळ्या, उन्हाळ्यात ते त्यांचं घर असतं. तंबू लावायचा तर संध्याकाळी 5 ते सकाळी 9 एवढ्याच वेळात, वाटेजवळ. नऊ वाजता तिथे तंबू दिसता कामा नये. शेकोटीला परवानगी नाही, ड्रोन उडवायलाही नाही. म्हणजे सुरुवातीला सांगितला तसला व्हिडिओ आकाशातून घेतलेला असेल, तर नियम दोन मोडलेत.

उत्तरेकडून निघालेला सायकलस्वार शेवटी कोल द रूसेला, 1,254 मीटरवर उतरतो. इथे पहिल्यांदा डांबर लागतं. खिंडीखालून बोगदा जातो आणि बोगद्याच्या पलीकडे हवाच बदलते. मागे ओलसर हिरवं जंगल राहतं आणि समोर दक्षिण फ्रान्सचे कोरडे, उन्हाने भाजलेले डोंगर. तिथून नागमोडी रस्ता खाली दीच्या खोऱ्यात उतरतो, ज्या गावासाठी रोमन लोक वरून दगड आणत होते.